टूनगॅबीची फेरी: कामाच्या नोंदी

14 जानेवारी 2024

काम ठरलं. एप्रिलमधल्या एका रविवारी, आमच्या सिडनीतल्या टूनगॅबी क्रीक या ओढ्याच्या काठाने, इथल्या मराठी घरांसाठी पायी फेरी काढायची. दीड तास चालणं आणि हातात चार पानी मराठी पत्रक. विषय एकच: 1791 पासून आयर्लंडहून बोटीत घालून इथे आणलेले कैदी.

हाच विषय का घेतला ते आजच लिहून ठेवते, नाहीतर पुढे कामाच्या रेट्यात विसरेन. सिडनीच्या पश्चिमेकडच्या या पट्ट्यात आपली माणसं भरपूर आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता मिळतो, चितळ्यांची बाकरवडी मिळते, भाद्रपदात कुणाच्या तरी गॅरेजमधून आरती ऐकू येते. याच जमिनीवर 1791 मध्ये सरकारी शेत काढलं होतं. सिडनी आणि पॅरामाटानंतरची ही तिसरी वसाहत. नांगराला बैल नव्हते. कुदळ माणसाने मारायची, झाडं माणसाने तोडायची आणि लाकडाने भरलेली गाडीही माणसांनीच ओढायची. मी रोज संध्याकाळी इथून चालत जाते आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं.

लेक शाळेतून शिकून आली होती, "त्यांनी पाव चोरला म्हणून त्यांना इथे पाठवलं." एवढ्या एका वाक्यावर मुलांची बोळवण होऊ नये, असं मनापासून वाटतं.

20 जानेवारी

पहिली अडचण शब्दाची. 'ट्रान्सपोर्टेशन' या, समुद्रापार नेऊन टाकायच्या शिक्षेला मराठीत काय म्हणायचं?

'हद्दपारी' फार सौम्य वाटतो. 'तडीपार' आजच्या पोलिसांचा शब्द आहे, आणि तडीपार माणूस दोन वर्षांनी आपल्या गल्लीत परत येतो. 'जन्मठेप'ही चालत नाही, कारण पुष्कळांची शिक्षा कागदावर सातच वर्षांची होती. उरलं 'काळं पाणी'. आपल्या मनात तो शब्द अंदमानाशी, सेल्युलर जेलशी, सावरकरांशी जोडलेला आहे. अंदमानात कैद्यांची वसाहत बसली 1858 मध्ये, म्हणजे आयरिश कैद्यांची पहिली बोट सिडनीला लागल्यानंतर 67 वर्षांनी. साम्राज्य तेच होतं आणि रीतही तीच.

रात्री आईशी फोनवर बोलताना हे सगळं सांगितलं. ती वाईची. म्हणाली, "अगं, आपल्या महाबळेश्वरला चिनी कैदी होते की. बटाटे लावायचे ते." खरंच आहे. मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी इंग्रजांनी 1830 च्या दशकापासून महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले होते. भाजीपाला पिकवायचं काम त्यांच्याकडून घेत. एका बंदरातले कैदी दुसऱ्या बंदरात आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात, असा त्यांचा खाक्या. ज्या मुलखात आपली भाषा कुणाला कळत नाही, पळून जावं तर ओळखीचं दार नाही, तिथेच नेऊन टाकायचं.

पत्रकात 'काळं पाणी' हाच शब्द वापरणार. फरक एका ओळीत सांगेन: आयरिश माणसाची समुद्र ओलांडल्याने जात बाटत नव्हती, त्याचं दुःख वेगळं होतं. त्याला परत जायला मिळत नव्हतं.

26 जानेवारी

सुट्टी. आपला प्रजासत्ताक दिन, आणि 1788 मध्ये कैद्यांचा पहिला ताफा सिडनीच्या खाडीत उतरला तोही हाच दिवस. सकाळी वकिलातीचं झेंडावंदन पडद्यावर पाहिलं आणि दुपारभर आकडे लावत बसले.

1788 ते 1868 या 80 वर्षांत ऑस्ट्रेलियात आणलेले कैदी सुमारे 1,62,000. त्यांतले साधारण 40,000 थेट आयर्लंडच्या बंदरांतून आलेले. न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं 1840 मध्ये थांबलं, टास्मानियात 1853 मध्ये. पश्चिमेला फ्रीमँटलला शेवटची बोट लागली जानेवारी 1868 मध्ये. तिच्यावर 62 फेनियन, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले लोक होते.

पोर्ट आर्थर, नॉरफोक बेट, फ्रीमँटल हे सगळं वगळते. त्या प्रत्येक जागेवर स्वतंत्र काम व्हायला हवं. फेरी टूनगॅबीची आहे, तेव्हा ज्यांचे पाय या मातीला लागले त्यांच्यापुरतंच बोलायचं.

3 फेब्रुवारी

आज 'क्वीन' बोटीचं प्रकरण. दिवसभर त्यातून डोकं वर निघालं नाही.

आयर्लंडहून थेट आलेली कैद्यांची ही पहिली बोट. एप्रिल 1791 मध्ये कॉर्कहून निघाली आणि 26 सप्टेंबरला सिडनीला पोहोचली. बायका-पुरुष मिळून दीडशेच्या आसपास कैदी. त्यांतला एक मुलगा 11 वर्षांचा. माझी लेक 11 वर्षांची आहे.

इथे उतरले तेव्हा बरेचसे हाडांचे सापळे झालेले होते. पॅरामाटाला चौकशी बसली. ठरलेल्या शिध्यापेक्षा कमी शिधा वाटला गेला, हे त्या चौकशीत उघड झालं. मी हिशेब तपासण्याच्या धंद्यात आहे. मापात मारणं म्हणजे काय आणि ते कागदावर कसं लपवतात, हे मला चांगलं कळतं. इथे लपवायचीही गरज पडली नव्हती. भर समुद्रात बेड्या घातलेला माणूस तक्रार करणार कुणाकडे? गव्हर्नर फिलिपला चौकशीचा निकाल मिळाला, पण दोषींना शिक्षा द्यायचा अधिकार आपल्याला आहे की नाही याचीच त्याला शंका. त्याने कागद लंडनला पाठवून दिले. लंडन सहा महिन्यांच्या वाटेवर.

पुढचा आकडा वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याने स्वतः नोंदवून ठेवलेला आहे. 'क्वीन'वरून आलेल्या 122 पुरुष कैद्यांपैकी मे 1792 च्या सुरुवातीला जिवंत होते फक्त 50.

साधारण सात महिने. हा आकडा पत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या टाइपात घ्यायचा, एकटाच. खाली काही लिहायचं नाही.

9 फेब्रुवारी

रजा काढून किंग्जवूडच्या अभिलेखागारात गेले. कैद्यांच्या याद्यांना इथे 'इंडेंट' म्हणतात, कोठीतून माल मागवायच्या पावतीचाच शब्द.

पुढच्या काळातल्या, 1820-30 च्या सुमाराच्या याद्या पाहिल्या. एकेका माणसाची ओळ पानभर आडवी जाते. नाव, वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, गाव, धंदा, गुन्हा, खटला कुठे आणि कधी, शिक्षा किती, आधीची शिक्षा. मग अंगाची मोजणी: उंची पाव इंचापर्यंत, रंग, केस, डोळे, आणि शेवटी खुणा. कपाळावर व्रण, डाव्या हाताची करंगळी वाकडी, दंडावर गोंदलेली अक्षरं. आपल्याकडे जनावराच्या बाजारात पावतीवर 'शिंगं मागे वळलेली, कपाळावर पांढरा ठिपका' लिहितात, त्याची आठवण झाली. लिहिणाऱ्याला त्या माणसात रस नव्हता. उद्या पळाला तर ओळखता यावा, एवढ्यासाठी ही मेहनत.

पण तेवढ्यामुळेच दोनशे वर्षांनंतर मला दिसतं की कुणाच्या दंडावर कुणाची तरी अक्षरं होती.

गुन्हे पाहत गेले. मेंढी, गाय, कापडाचा तागा, कपडे, बनावट नाणी, पैसे घेऊन किंवा रागाने केलेली मारहाण. जमीनदाराविरुद्ध रात्री जमून शपथा घेणं हाही गुन्हाच. लेकीने सांगितलेला पाव सापडला नाही, मेंढ्या पुष्कळ सापडल्या.

एक चूक झाली ती इथेच लिहून ठेवते. एकाच नावाची, एकाच परगण्यातली दोन माणसं मी गेल्या आठवड्यात एक समजून एकत्र केली होती. एकाची शिक्षा आणि दुसऱ्याचं सुटकेचं प्रमाणपत्र जोडून छान गोष्ट तयार झाली होती: शिक्षा भोगली, सुटला, जमीन घेतली. आज उंची ताडून पाहिली तर दोघांत चार इंचांचा फरक. ती गोष्ट रद्द. यापुढे नाव, बोट आणि बोटीचं वर्ष तिन्ही जुळल्याशिवाय जोडणी करायची नाही.

11 फेब्रुवारी

कागदाचाच विषय पुढे चालू.

'क्वीन'बरोबर माणसं आली, पण त्यांच्या शिक्षेची यादी आली नाही. कुणाला कधी शिक्षा झाली, किती वर्षांची झाली, ते सिडनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या काही आयरिश बोटींचीही तीच गत. गव्हर्नर हंटरने याबद्दल वरिष्ठांकडे तक्रारी केलेल्या आहेत. त्याची अडचण कारभाराची होती: माणसं समोर येऊन म्हणतात, माझी सात वर्षं भरली, मला सोडा, आणि खरं-खोटं करायला दप्तरात काही नाही.

आता त्या माणसाच्या बाजूने पाहिलं. घड्याळ नाही, पंचांग नाही, कित्येकांना अक्षरओळख नाही. कित्येकांची बोली आयरिश, इंग्रजी मोडकीतोडकी. सात हिवाळे मोजून तो कचेरीत जातो आणि कारकून सांगतो, तुझा कागद नाही. तोवर कुदळ मारत राहायची.

आणि ज्याचा कागद होता, त्याची सुटका झाली म्हणजे तरी काय? परतीचं भाडं सरकार देत नसे. पैसे साठवून तिकीट काढायचं, नाहीतर बोटीवर खलाशी म्हणून राबत जायचं. बाईला तर तोही मार्ग बंद. परत गेले ते अगदी थोडे. म्हणून पत्रकात 'सात वर्षांची शिक्षा' असं नुसतं कुठेही छापायचं नाही. सात वर्षं ही न्यायाधीशाने उच्चारलेली. भोगलेली शिक्षा जन्मभराची.

17 फेब्रुवारी

आज ज्या गोष्टीसाठी हे सगळं काम सार्थकी लागलं असं वाटलं, ती सापडली.

1 नोव्हेंबर 1791. 'क्वीन' लागून जेमतेम पाच आठवडे झालेले. 20 पुरुष आणि एक गरोदर बाई, सगळे त्याच बोटीवरचे, पॅरामाटाहून जंगलात निघून गेले. कुठे? चीनला. उत्तरेकडे एक मोठी नदी आहे, ती ओलांडली की पलीकडे चीन, आणि तिथले तांबूस वर्णाचे लोक आपल्याला मायेने वागवतील, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं.

त्या काळच्या अधिकाऱ्यांनी यावर हसून घेतलं आहे. पुढेही हा किस्सा आयरिश माणसाच्या अडाणीपणाचा दाखला म्हणूनच सांगत आले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कॉर्कहून पाच महिने बोटीच्या पोटात काढलेल्या माणसाला पृथ्वीवर आपण नेमके कुठे उतरलो, हे कसं कळावं? बंदरातून सुटलेली जहाजं चहा भरायला चीनला जातात, हे त्याने ऐकलेलं. म्हणजे चीन इथून जवळच असणार. यात चुकीचा नकाशा आहे, मूर्खपणा नाही.

वॉटकिन टेंच नावाचा नौदल सैनिकांचा अधिकारी या पळालेल्यांपैकी परत आणलेल्या काहींना दवाखान्यात जाऊन भेटला. खरंच चीनला पोहोचाल असं वाटलं होतं का, असं त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं, तसं आमच्या मनावर ठसवलं गेलं होतं. पण काम आणि वागणूक इतकी वाईट, की परत त्या हालात जाण्यापेक्षा रानात एकटं राहिलेलं बरं वाटलं. हे ऐकणारा तोच होता, लिहून ठेवणाराही तोच. तेवढं त्याचं ऋण मानते.

ती बाई बाकीच्यांपासून चुकली. काही दिवसांनी सापडली.

आणखी एक. 1798 च्या सुमारास पुन्हा आयरिश कैद्यांत असंच पसरलं की आत खूप दूर गोऱ्या लोकांची एक मोकळी वस्ती आहे. तिकडे जायच्या सूचना कागदावर लिहिलेल्या होत्या आणि वाट दाखवायला त्या कागदावर होकायंत्राचं चित्र काढलेलं होतं. सुई नाही, लोहचुंबक नाही. नुसतं चित्र.

संध्याकाळी लेकीने वहीच्या पानावर गोल काढला, चार दिशा लिहिल्या, बाण काढला. आम्ही तो घेऊन क्रीकपर्यंत गेलो. ती घराकडे तोंड करून उभी राहिली, तर बाण घराकडे. झाडाकडे वळली, तर बाण झाडाकडे. दोन-तीनदा स्वतःभोवती फिरली आणि मग म्हणाली, "आई, हा कागद आपण जाऊ तिकडेच उत्तर दाखवतो." मला काही बोलता आलं नाही.

फेरीत प्रत्येक मुलाच्या हातात असा एक कागद द्यायचा.

24 फेब्रुवारी

हे लिहायचं लांबवत होते.

1800 साल. आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेलं 1798 चं बंड मोडल्यावर तिथून बंडखोरांना इथे आणलं गेलं आणि इथेही उठाव होईल अशी सरकारला धास्ती. भाले कुठे लपवलेत ते वदवून घ्यायला टूनगॅबीत माणसांना फटके मारले. आयर्लंडमधल्या विकलो परगण्याचा बंडखोर पुढारी जोसेफ होल्ट याला बळेच ते पाहायला लावलं, आणि त्याने ते सांगून ठेवलं.

आधी मॉरिस फिट्झजेरल्ड. झाडाच्या बुंध्याला मिठी मारल्यासारखे हात बांधले, म्हणजे छाती खोडाला घट्ट चिकटते आणि अंग चोरायला जागा राहत नाही. फटके मारणारे दोघे, एक उजवा आणि एक डावखुरा. एकामागून एक, लयीत, खळ्यावर मळणी करावी तसे. 300 फटके. वारा होल्टच्या दिशेने वाहत होता. चाबूक झटकला की मांसाचे आणि कातडीचे कण त्याच्या तोंडावर उडत होते. फिट्झजेरल्डने हूं की चूं केलं नाही.

मग पॅडी गॅल्विन, वीस वर्षांचा. त्यालाही 300. पाठीवर शंभर झाल्यावर विचारलं, भाले कुठे आहेत. तो म्हणाला, मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. पुढचे शंभर कमरेखाली. तरी नाही. शेवटचे शंभर पोटऱ्यांवर. त्याने एक नाव घेतलं नाही.

पत्रकात किती लिहायचं यावर नवऱ्याशी बराच वेळ बोलले. त्याचं म्हणणं, लहान मुलं असतील, आकडा सांग आणि पुढे जा. माझं म्हणणं, नुसता आकडा कुणाला लागत नाही, तो डावा-उजवा हातच लागतो. शेवटी असं ठरलं: पत्रकात हे सगळं येईल, पण वेगळ्या घडीच्या पानावर. मुलांना ते दाखवायचं की नाही हे आईवडिलांनी ठरवावं. फेरीत मी मोठ्यांना झाडाखाली थांबवून सांगेन, तेव्हा मुलं लेकीबरोबर पुढे जातील.

3 मार्च

उद्या कॅसल हिलच्या आयरिश कैद्यांच्या उठावाला 220 वर्षं होतील. 4 मार्च 1804, रविवारची रात्र. पुढारी फिलिप कनिंगहॅम, दगडकाम करणारा. दुसऱ्या दिवशी राउझ हिलजवळ मेजर जॉन्स्टनच्या सैनिकांनी गाठलं. बोलणी करायला म्हणून पुढे आलेल्या पुढाऱ्यांना पिस्तूल रोखून पकडलं आणि मग गोळीबार. 15 तरी कैदी जागीच मेले, नऊ जणांना फाशी. कनिंगहॅमला खटल्याशिवाय विंडसरच्या सरकारी कोठाराच्या जिन्याला लटकवलं. त्या जागेला लोक 'व्हिनेगर हिल' म्हणू लागले, कारण आयर्लंडमध्ये 1798 चं बंड ज्या टेकडीवर चिरडलं तिचं नाव तेच.

हे फेरीच्या वाटेवर नाही, तरी दोन ओळी येतील.

16 मार्च

एक मोठी उणीव राहिली होती. या सगळ्यात मी कैद्यांच्याच बाजूने इतकी वाहत गेले, की ही जमीन आधी कुणाची होती ते मसुद्यात कुठे आलंच नव्हतं. टूनगॅबी हे नावच डारग या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं. 1797 मध्ये मूळ रहिवाशांचा लढवय्या पुढारी पेमुलवॉय याने इथल्या सरकारी शेतावर चाल केली. त्याचा पाठलाग झाला, पॅरामाटाला झुंज झाली, छर्रे लागून तो घायाळ झाला, आणि पायात बेडी असताना दवाखान्यातून निसटला. 1802 मध्ये त्याला गोळी घातली.

ज्यांच्या पाठी फोडल्या गेल्या त्यांच्याच हाताने डारग लोकांचं रान तुटत होतं. दोन्ही खरं आहे. पत्रकाची सुरुवात बदलली. पहिलं नाव आता डारग लोकांचं.

23 मार्च

बायकांचं पान झालं. त्यांच्यासाठी मुख्य जागा पॅरामाटाची 'फीमेल फॅक्टरी'. 1821 मध्ये सुरू झालेल्या त्या आवारातल्या काही इमारती अजून उभ्या आहेत, मी गेले होते. फॅक्टरी म्हणजे एकाच छताखाली तुरुंग, लोकर कातायचा कारखाना, प्रसूतिगृह आणि नोकर बाई निवडायचा बाजार. मूल जरा मोठं झालं की आईपासून काढून अनाथालयात.

शिक्षा म्हणून केस कापत. हे वाचून माझ्या पणजीचा फोटो डोळ्यांसमोर आला, डोक्यावरून आलवण ओढलेला. तिने काय गुन्हा केला होता? बाईला खाली बघायला लावायचं तर आधी तिचे केस, हे दोन टोकांच्या दोन देशांना सारखंच सुचलं.

पण 27 ऑक्टोबर 1827 हा दिवसही या पानावर आहे. शिधा कमी केला म्हणून बायकांनी फाटक मोडलं, गावात शिरल्या आणि पाव-मांस घेऊन आल्या. सैन्य बोलवावं लागलं.

आणि 1835 ची 'नेव्हा' बोट. कॉर्कहून बायका आणि त्यांची मुलं घेऊन निघालेली ती बोट सिडनीच्या अलीकडे किंग बेटाजवळ खडकावर फुटली. दोनशेहून जास्त जीव गेले. वाचले 15.

30 मार्च

ऑफिसात कॉर्ककडचा एक सहकारी आहे. त्याच्याकडून गावांची नावं वाचून घेतली, नाहीतर मराठीत उच्चार चुकीचे छापले गेले असते. तो यादी वाचता वाचता मध्येच थांबला. म्हणाला, त्याच्या आजीने घराण्यातली कागदपत्रं शोधली होती, पण एका टप्प्यावर पुढे काही नाही, सगळं जळलेलं.

ते मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं. 30 जून 1922, यादवी युद्धात डब्लिनचं सार्वजनिक अभिलेखागार आगीत गेलं. सात शतकांची दप्तरं. जळके कागद वाऱ्यावर उडून शहरभर पडत होते. कैद्यांच्या बाबतीत सरकारी नोंदवह्या सलग मिळतात त्या 1836 पासूनच्या. त्या वाचल्या कारण त्या डब्लिन कॅसलमध्ये, दुसऱ्या दप्तरात होत्या. 1988 मध्ये आयर्लंडने त्यांच्या प्रती ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या.

म्हणजे टूनगॅबीच्या माणसांचा कागद आधी आला नाही, आणि जो मागे राहिला त्यातला बराचसा जळला.

9 एप्रिल

गुढीपाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं, दुपारी पत्रकाच्या 60 प्रती छापून आणल्या. '122' आणि '50' हे आकडे पहिल्या पानावर नीट उमटलेत.

14 एप्रिल

फेरी झाली. 31 जण आले, त्यांत नऊ मुलं. सकाळी पाऊस होऊन गेल्यामुळे काठावर चिखल होता, आजी-आजोबांना हात धरून न्यावं लागलं.

झाडाखाली मी फिट्झजेरल्ड आणि गॅल्विनचं सांगत होते. सोलापूरहून लेकाकडे आलेले एक काका, कोर्टात शिरस्तेदार होते, मध्येच म्हणाले, "ताई, जरा थांबा." त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, मग म्हणाले, "हां, सांगा." त्यांच्यामागे तिघा-चौघांनी काढल्या. चिखलातच उभे राहिले सगळे शेवटपर्यंत.

नंतर चहा पिताना त्या काकांनी विचारलं, शिक्षा संपल्याचा दाखला द्यायला कारकुनाकडे दुसरा पुरावा का चालत नव्हता? बोटीवरचे सोबती साक्ष देऊ शकले असते. मी म्हटलं, काका, सोबत्यांपैकी 72 तर सात महिन्यांत गेले होते. ते गप्प बसले आणि पत्रकाचं पहिलं पान पुन्हा उघडून पाहत राहिले.

पुढच्या फेरीसाठी: सकाळी आठला निघायचं. पाण्याच्या बाटल्या जास्त. घडीचं पान वेगळ्या रंगाच्या कागदावर. पेमुलवॉयबद्दल सांगायला आणखी दहा मिनिटं. मुलांच्या कागदी होकायंत्रांसाठी जाड कागद आणायचा, कारण नवांपैकी सात ओले होऊन फाटले आणि लेक उरलेले दोन पुस्तकात दाबून वाळवत बसली आहे.